प्रबंधात ‘एआय वापरलं’ हे सांगायच्या भागाला काय म्हणावं? खुलासा की प्रकटीकरण?

शोधछात्रा: प्रबंध मराठीत लिहिते आहे. मुलाखतींचं पहिलं शब्दांकन एआयकडून करून घेतलं, मग ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकत ओळ न् ओळ तपासली. दोन प्रकरणांची भाषाही त्याच्याकडून सफाईदार करून घेतली. हे सगळं प्रबंधात सांगायचं आहे. मी मथळा दिला, ‘एआयच्या वापराबाबत खुलासा’. मार्गदर्शकांनी त्याला लाल गोल केला आणि शेजारी लिहिलं, ‘खुलासा कशाला? आरोप झालाय का?’ त्यांचा शब्द ‘प्रकटीकरण’. मला तो जड वाटतो, कोणी अवतार घेतोय असं वाटतं. ‘डिस्क्लोजर’ला रुळलेला शब्द कोणता?

जुनी_वही: मार्गदर्शकांचं बरोबर आहे. माझी सारी नोकरी कचेरीत गेली. खुलासा कोणी आपणहून देत नाही, तो मागवतात. ज्याच्या नावे तो कागद निघे, त्याच्या टेबलाशी त्या दिवशी कुणी चहाला थांबत नसे. जी गोष्ट तुम्ही सचोटीने सांगताय, तिला हा शब्द लावू नका.

पिंपळपान: हा कचेरीने शब्दावर केलेला अन्याय आहे. अरबीत खुलासा म्हणजे सार, अर्क. हिंदीत गेला तो गौप्यस्फोट झाला, आपल्याकडे स्पष्टीकरण. पण आजोबांच्या पत्रांत ‘खुलासेवार कळवावे’ असं असायचं. म्हणजे काही न लपवता, सगळं सविस्तर. ताईंना हेच तर म्हणायचं आहे!

मुद्रितशोधक: विद्यापीठीय प्रबंधात अरबी शब्दाचं समर्थन कशासाठी? ‘प्रकटन’ हा सुटसुटीत शब्द आपल्याकडे आहे.

पिंपळपान: ‘जाहीर प्रकटन’ वाचलं की नाव बदलल्याची नाहीतर जमिनीच्या हक्काची नोटीस आठवते. आणि अरबी-फारसी नको असेल तर कागद, मजकूर, तपशील हे तीन शब्द टाळून एक प्रकरण लिहून दाखवा.

विदावेडी: शब्द राहू द्या, आधी जागा ठरवा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती आहे. तिने जानेवारी २०२४मध्ये हेच सांगितलं: लेखनाला मदत घेतली असेल तर ती ऋणनिर्देशात लिहा, विदा (डेटा) गोळा करायला, विश्लेषणाला किंवा आकृत्यांना वापरलं असेल तर पद्धतीच्या भागात. तुमचा विषय वैद्यकीय नसला तरी ही विभागणी उपयोगी आहे. शब्दांकन पद्धतीत जाईल, भाषेची सफाई ऋणनिर्देशात. वेगळा मथळा लागणारच नाही कदाचित. आणखी एक, मुलाखत देणाऱ्यांना हे ध्वनिमुद्रण एआयकडे जाणार हे सांगितलं होतं का? तेही लिहा.

जुनी_वही: ऋणनिर्देशात यंत्र? ऋण म्हटलं की ते फेडायची ओढ आली. आईवडील, गुरू, ग्रंथपाल यांच्या पंगतीला एआय बसवायचं हे मला सहन होत नाही.

पिंपळपान: पंगतीत बसवण्याचा प्रकार झालाच होता की. २०२३च्या सुरुवातीला काही शोधनिबंधांवर चॅटजीपीटीचं नाव चक्क लेखक म्हणून आलं. नियतकालिकांनी ते नाकारलं, कारण लेखकाला मजकुराची जबाबदारी घ्यावी लागते. शब्दच पाहा ना, जबाब-दार: ज्याला जबाब द्यावा लागतो तो. एआय विचारू त्याचं उत्तर देतं, पण जबाब द्यायला ते येणार नाही, ताईच उभ्या राहणार.

मुद्रितशोधक: त्यासाठी ‘उत्तरदायी’ आहे.

पिंपळपान: कोणाच्या घरात म्हणतात हो? आई लेकराला ‘उत्तरदायी हो’ म्हणते का?

विदावेडी: जबाब देण्याची वेळ माझ्यावर आली आहे, म्हणून सांगते. एका लेखासाठी संदर्भ सुचव असं एआयला सांगितलं. एका संदर्भातला लेखक खरा, नियतकालिक खरं, खंड आणि वर्षही जुळणारं. ग्रंथालयात तो खंड काढून पान उघडलं, तर तिथे भलत्याच विषयावरचा लेख. तोवर मी त्या संदर्भाच्या आधारावर दोन परिच्छेद लिहून सहकाऱ्याला पाठवले होते. त्याला फोन करून सांगताना फार लाज वाटली. याला इंग्रजीत ‘हॅल्युसिनेशन’ म्हणतात, मराठीत ‘भ्रम’ लिहितात. मला ‘भ्रम’ सौम्य वाटतो. ही सरळ थाप आहे.

जुनी_वही: थाप नव्हे. थाप मारणाऱ्याला खरं ठाऊक असतं. याला ते कुठे ठाऊक?

विदावेडी: पण फसलेल्याला त्याने काय फरक पडतो?

शोधछात्रा: विदावेडी, संमतिपत्रात ध्वनिमुद्रणाचा उल्लेख होता, एआयचा नव्हता. तुमचं वाचल्यावर सगळ्यांना पुन्हा कळवायला घेतलं आहे. एका आजींनी विचारलं, ‘म्हणजे माझा आवाज कुठे गेला?’ ते मार्गदर्शकांना सांगितलं, त्यांनी पद्धतीच्या प्रकरणात दोन पानं वाढवायला सांगितली. मथळ्यावर मात्र आमचं अजून जमलेलं नाही. ‘खुलासेवार’ त्यांना आवडला, पण ते विशेषण आहे म्हणतात.

मुद्रितशोधक: क्रियाविशेषणही आहे. पण मुळात ‘एआय’ का लिहिताय? कृत्रिम बुद्धिमत्ता लिहा.

पिंपळपान: बुद्धिमत्ता की प्रज्ञा?