मदत हवी आहे : बेंगळूर ते सॅन फ्रान्सिस्को प्रवासाचे प्रत्यक्ष तास कसे मोजावेत?

नमस्कार.

माझे आईवडील येत्या सप्टेंबरमध्ये खानापूरहून धाकट्या भावाकडे सॅन फ्रान्सिस्कोला जाणार आहेत. वडील मधुमेही असून सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेतात, त्यामुळे दोन मात्रांमध्ये प्रत्यक्षात किती तास जातील, याचा तक्ता करून आणायला डॉक्टरांनी सांगितले आहे.

बेळगाव ते बेंगळूर ते राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने जातील. त्या टप्प्याची काळजी नाही. पुढच्या तिकिटावर बेंगळूरहून पहाटे ३.१५ ला उड्डाण, फ्रँकफुर्टला विमानबदल आणि त्याच तारखेला दुपारी २.१५ ला सॅन फ्रान्सिस्कोत आगमन असे छापले आहे. वरवर पाहता हे अकराच तास होतात. पण तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची स्थानिक वेळ असते आणि सप्टेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असल्यामुळे तेवढे तास मिळवल्यावर एकूण प्रवास साडेतेवीस तासांचा भरतो. ही रीत बरोबर आहे का? परतीचा प्रवास फेब्रुवारीत आहे, तेव्हाही साडेबाराच धरायचे का?

आणखी एक शंका, जिचा इन्सुलिनशी संबंध नाही. बेंगळूर–सॅन फ्रान्सिस्को हे थेट हवाई अंतर सुमारे १४,००० किलोमीटर दाखवतात, तर फ्रँकफुर्टमार्गे दोन टप्प्यांची बेरीज १६,५०० च्या घरात जाते. भिंतीवरच्या नकाशात युरोप अगदी वाटेत दिसतो, मग हे अडीच हजार किलोमीटर वाढले कुठून?

प्रतिसाद

आपली रीत बरोबर आहे. फेब्रुवारीत मात्र साडेतेरा तास धरावेत, कारण अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे करतात. परतताना हा फरक मिळवायचा नसून वजा करायचा आहे, आणि तारीख बदलते तिकडेही लक्ष ठेवावे. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या उंचावरील जोरदार वाऱ्यांमुळे येतानाचे उड्डाण सहसा कमी वेळ घेते, तेव्हा जातानाचाच तक्ता उलटा करून वापरू नये.

अंतराचे म्हणाल, तर पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहावा. त्यांच्या रेखांशांत सुमारे १६० अंशांचा फरक असल्यामुळे सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाजवळून जाते आणि फ्रँकफुर्ट तिच्यापासून बरेच बाजूला पडते. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळूरला विमान आणले ते ध्रुवावरूनच.

वडिलांचे मनगटी घड्याळ उतरेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवावे आणि डॉक्टरांचा तक्ताही त्याच वेळेत लिहून घ्यावा. इन्सुलिन मोठ्या बॅगेत देऊ नये, सामानकक्षात ते गोठण्याचा धोका असतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत असू द्यावे.