मदत करायला मोठं कारण लागत नाही

कोणीतरी लिहिलंय की हार्ड-बॉईल्ड (रोखठोक, कठोर गुन्हेगारी जगाच्या) थ्रिलरमधला हीरो अनोळखी माणसाला पळून जायला मदत करायला लगेच तयार होतो ते पटत नाही, मला तेच सगळ्यात जास्त पटतं. रेमंड चँडलरच्या 'द लाँग गुडबाय' कादंबरीमध्ये (१९५३) खाजगी गुप्तहेर मार्लोची टेरीशी ओळख ती काय, दारूपुरती, तरी मार्लो त्याला सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या तिहुआनाला सोडतो आणि आधीच बजावतो की काय घडलंय ते मला सांगू नकोस. आपल्याकडेही गुन्हेगाराला जाणूनबुजून लपवणं हा गुन्हा आहे, सूट फक्त नवरा-बायकोला. आता कल्पना करा, ठाणे स्टेशन, शेवटची कसारा लोकल गेलेली, सॅटिसखाली (स्टेशनबाहेरच्या उंच बस-पुलाखाली) बॅग छातीशी घट्ट धरलेली बाई, रिक्षावाला काही न विचारता घोडबंदरकडे वळतो... खरा थरार दुसऱ्या दिवशी चौकीत आहे, लिहाच कोणीतरी!