इंग्रजीतील 'कॅन' म्हणजे 'शकणे' की 'येणे'? या शब्दाचे मूळ काय?

ओसरी (प्रश्न)

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका गावात मी प्रौढ स्त्रियांसाठी इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेते. गेल्या आठवड्यात 'आय कॅन स्विम' या वाक्याचा अर्थ मी फळ्यावर 'मी पोहू शकते' असा लिहिला. तेव्हा नदीकाठी लहानाच्या मोठ्या झालेल्या एक बाई म्हणाल्या, "मॅडम, असं आम्ही म्हणत नाही. मला पोहता येतं, असं म्हणतो. पोहू शकते म्हणजे आज पाण्याला ओढ नाही, म्हणून उतरायला हरकत नाही." वर्गातल्या इतर बायकांनीही लगेच माना डोलावल्या. त्यांचे म्हणणे मला पटले, पण शब्दकोशात 'कॅन' या शब्दापुढे पहिला अर्थ 'शकणे' हाच दिलेला असल्यामुळे त्यांना नेमके काय सांगावे, हे मला सुचले नाही.

घरी आल्यावर वाचताना असे दिसले की 'कॅन' या शब्दाचा संबंध 'जाणणे' या अर्थाच्या धातूशी आहे. हे खरे आहे का? खरे असेल, तर 'जाणणे' पासून 'शकणे' पर्यंतचा प्रवास कसा झाला? आणखी दोन शंका वर्गात नेहमी निघतात. 'ही रन्स' मध्ये क्रियापदाला एस लागतो, मग 'ही कॅन' मध्ये तो का लागत नाही? आणि 'कुड' या शब्दात कधीही न उच्चारला जाणारा एल कोठून आला? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुनी पोथी

ओसरीताई, आपल्या वर्गातील त्या बाईंचे म्हणणे मराठीच्या दृष्टीने तर बरोबर आहेच, पण ते इंग्रजीच्या इतिहासालाही धरून आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत 'कुन्नन' असे क्रियापद होते आणि त्याचा अर्थ 'जाणणे, माहीत असणे' असा होता. 'कॅन' हे त्याचेच वर्तमानकाळाचे रूप आहे. चौदाव्या शतकातील कवी चॉसर यांच्या इंग्रजीतही या क्रियापदाला नाम हे कर्म म्हणून थेट जोडता येत असे, म्हणजे एखादी भाषा किंवा एखादे गाणे 'कॅन' असणे म्हणजे ते येत असणे. त्याच काळी अंगातल्या बळाने काही करता येणे या अर्थासाठी वेगळे क्रियापद होते, ते म्हणजे 'मागन', आजचे 'मे'. सामर्थ्य या अर्थाचे 'माइट' हे नामही त्याच कुळातले आहे. थोडक्यात, दगड उचलण्याची ताकद असेल तर 'मे', आणि दगड घडवण्याची विद्या असेल तर 'कॅन', अशी विभागणी होती.

पुढे ही सीमारेषा सरकली. ज्याला एखादी गोष्ट कशी करायची हे ठाऊक आहे, तो ती करतो, त्यामुळे 'कसे करावे हे जाणतो' आणि 'करू शकतो' यांत बोलताना फारसे अंतर राहत नाही. हळूहळू 'कॅन' ने ज्ञानाबरोबर बळाचाही प्रांत व्यापला आणि 'मे' शक्यता व परवानगी यांकडे ढकलला गेला. नंतर 'कॅन' परवानगीच्या अर्थातही शिरला. वर्गाबाहेर जाण्यासाठी 'कॅन आय गो' असे न विचारता 'मे आय गो' असे विचारावे, असा आग्रह आपल्या शाळांतून धरला जातो, तो याच सरकलेल्या सीमेवरचा आहे. एकेकाळी 'मे' हाच बळाचा शब्द होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आग्रहाकडे थोडे सौम्यपणे पाहता येते.

आता मूळ धातूविषयी. 'कॅन', 'नो' म्हणजे जाणणे, ग्रीकमधील 'ग्नोसिस', लॅटिनमधील 'ग्नोस्को' आणि संस्कृतमधील 'ज्ञा' हे सारे एकाच इंडो-युरोपीय धातूपासून निघाले आहेत. 'नो' च्या सुरुवातीला आज मुका असलेला के जुन्या इंग्रजीत 'क्नावन' असा स्पष्ट उच्चारला जात होता. संस्कृतातील ज, लॅटिनमधील ग आणि इंग्रजीतील क ही जोडी योगायोगाची नाही. 'जानु' म्हणजे गुडघा, त्याला लॅटिनमध्ये 'गेनु' आणि इंग्रजीत 'नी', तिथेही तोच मुका के आहे. 'जन', 'गेनुस' आणि 'किन' ही तिसरी जोडी. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये जे ध्वनिनियम मांडले, त्यांत जर्मानिक भाषांमध्ये, म्हणजे इंग्रजी, जर्मन यांच्या कुळात, मूळचा ग हा क होतो, हा नियम आहे. आपले 'जाणणे' हे क्रियापदही 'ज्ञा' पासूनच आलेले असल्यामुळे 'कॅन' आणि 'जाणणे' हे शब्दशः एकाच घरातले आहेत.

या घरातील काही माणसे ओळखू येणार नाहीत इतकी बदलली आहेत. 'कनिंग' म्हणजे आज धूर्त, पण मुळात त्याचा अर्थ 'जाणता, विद्यावान' असा होता. मराठीत 'फार शहाणा आहेस' हे वाक्य ज्या स्वरात म्हटले जाते, तो स्वर आठवला म्हणजे हा बदल समजण्यास अडचण पडत नाही. 'अनकूथ' म्हणजे आज असंस्कृत, पण त्याचा मूळ अर्थ केवळ 'अनोळखी' असा होता. परका माणूस म्हणजे रांगडा माणूस, हा निवाडा लोकांनी एका शब्दात नोंदवून ठेवला आहे आणि मला तो वाचताना नेहमी खंत वाटते.

'कुड' मधील एल विषयी: 'शुड' आणि 'वुड' यांत एल मुळापासून आहे, कारण ती 'शॅल' आणि 'विल' यांची रूपे आहेत. 'कॅन' चे भूतकाळी रूप मात्र 'कूधे' असे होते, त्यात एल कधीच नव्हता. पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमारास त्या दोघांच्या पंक्तीत बसवण्यासाठी लिहिणाऱ्यांनी 'कुड' मध्येही एल घातला. पुढे इतर दोघांचा एलही उच्चारातून गेला आणि तिन्ही शब्द सारखे दिसू व ऐकू लागले. आपल्या विद्यार्थिनींनी विचारल्यास हा एल शेजाऱ्यांचे पाहून आलेला आहे, असे खुशाल सांगावे.

ऱ्हाईनकाठ

मी अनेक वर्षे जर्मनीत कोलोनजवळ राहतो, त्यामुळे एक भर घालतो. इंग्रजीत जे जुने झाले, ते जर्मनमध्ये रोज ऐकू येते. 'मला जर्मन येते' यासाठी येथे 'इश कान डॉइच' म्हणतात, शब्दशः 'मी जर्मन कॅन', पुढे 'बोलणे' हे क्रियापद लावण्याची गरजच नसते. येथे आल्यावर पहिल्या महिन्यात हे वाक्य इंग्रजीच्या अंगाने समजून घेताना मला ते अपुरे वाटत असे. ज्या दिवशी त्यामागे 'मला जर्मन येते' हे मराठी वाक्य ठेवले, त्या दिवशी ते पूर्ण वाटले. कला या अर्थाचा 'कुन्स्ट' हा जर्मन शब्दही त्याच क्रियापदापासून आला आहे. आणि 'मे' चा जर्मन भाऊ बळाचा अर्थ सोडून आज बहुधा 'आवडणे' या अर्थाने वापरला जातो, तर त्याच कुळातील 'माख्ट' म्हणजे सत्ता हे नाम आपल्या जागी राहिले आहे.

फ्रेंचमध्ये हा भेद आजही कडक आहे. पोहण्याची विद्या अवगत असेल तर 'जाणणे' हे क्रियापद, आणि पाय दुखत नाही म्हणून आज पोहणे जमेल असे सांगायचे असेल तर 'शकणे' हे क्रियापद. ओसरीताईंच्या वर्गातील बाईंनी नेमका हाच भेद सांगितला आहे.

पाटीपेन्सिल

जुनी पोथी यांचा प्रतिसाद उत्तम आहे, परंतु चर्चा ज्या दिशेने चालली आहे, तिच्याविषयी एक सावधगिरी सुचवते. मराठीतील '-ता येणे' ही रचना केवळ अवगत विद्येसाठी आहे, असा समज होऊ नये. 'मला उद्या येता येणार नाही' यात विद्येचा प्रश्न नाही, अडचणीचा आहे. 'येथे गाडी लावता येत नाही' यात मनाई आहे. म्हणजे आपले 'येणे' सुद्धा विद्येकडून शक्यता आणि परवानगी यांकडे 'कॅन' सारखेच सरकले आहे. शुद्ध विद्येचा अर्थ हवा असेल तर 'मला संस्कृत येते', 'तिला भरतकाम येते' अशी नामासह येणारी रचना पाहावी.

शिवाय मराठीत तिसरी एक रचना आहे आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. 'आजीला आता जिना चढवत नाही', 'मला हे बघवत नाही'. व्याकरणात यास शक्य क्रियापद म्हणतात. येथे शरीराची किंवा मनाची ताकद बोलते. आजीला जिना चढता येत नाही असे म्हटले तर अर्थ निराळा होईल, कारण चढणे ती काही विसरलेली नाही. इंग्रजीत या सर्व ठिकाणी एकटा 'कॅन' उभा असतो. आजकाल भाषांतरांतून 'शकणे' चा जो सरसकट वापर होतो, त्यामुळे 'चढवत नाही' सारखी रूपे लेखनातून मागे पडत आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

काठावरचा वाचक

एक छोटी शंका: दुधाचा किंवा पाण्याचा 'कॅन' हा शब्दही याच कुळातला आहे का?

जुनी पोथी

नाही. भांडे या अर्थाचा 'कॅन' जुन्या इंग्रजीतील 'कान्ने' या नामापासून आला आहे. दोन्ही शब्द उच्चाराने एकत्र आले, इतकेच.

पाटीपेन्सिल यांची दुरुस्ती मान्य. 'ही कॅन' चे उत्तर माझ्याकडून राहून गेले होते. 'कॅन' हे रूप घडणीने मुळात भूतकाळाचे आहे, 'मला कळले आहे' अशा अर्थाचे, आणि कळून झालेले असल्यामुळे 'आता मी जाणतो' असा वर्तमान अर्थ त्यास आला. वर्तमानकाळाचा एस भूतकाळी रूपास कसा लागणार? मराठीत समोरचा बोलत असतानाच आपण 'कळलं, कळलं' म्हणतो, रूप भूतकाळाचे आणि अर्थ या क्षणाचा. संस्कृतात 'वेद' म्हणजे 'तो जाणतो', तेथेही रूप परोक्ष भूतकाळाच्या धाटणीचे आहे. 'मे', 'शॅल' आणि 'मस्ट' यांनाही एस लागत नाही, त्याचे कारण हेच.

समिधा

मी संस्कृत शिकवते. सर्वांनी 'ज्ञा' कडे पाहिले, पण 'शकणे' ज्यापासून आले त्या 'शक्' धातूकडेही पाहावे, अशी विनंती आहे. शक्ती, शक्य, शक्त हे शब्द सर्वांना परिचित आहेत. परंतु संस्कृतात धातूला 'इच्छा' हा अर्थ जोडणारी रूपे होतात. 'ज्ञा' पासून जाणण्याची इच्छा ती 'जिज्ञासा', 'पा' पासून पिण्याची इच्छा ती 'पिपासा', 'लभ्' पासून मिळवण्याची इच्छा ती 'लिप्सा'. याच प्रक्रियेने 'शक्' पासून 'शिक्षति' हे रूप होते आणि पाणिनीच्या सूत्रांत 'लभ्' व 'शक्' यांची ही रूपे एकाच नियमाने साधली आहेत. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या पारंपरिक यादीत, 'शिक्ष्' हा विद्या घेणे या अर्थाचा स्वतंत्र धातूही दिलेला आहे, पण आधुनिक भाषाशास्त्र तो 'शक्' च्या या इच्छार्थी रूपातूनच आल्याचे मानते. म्हणजे 'शिक्षा', 'शिक्षण' आणि प्राकृतातून आलेले आपले 'शिकणे' यांच्या मुळाशी 'करू शकण्याची इच्छा' आहे.

इंग्रजी 'कॅन' जाणण्यापासून निघून शकण्यापर्यंत आला. आपला 'शक्' शकण्यापासून निघून शिकण्यापर्यंत गेला. दोन्ही भाषा एकाच रस्त्यावरून उलट दिशांनी चालल्या आहेत.

ओसरी

सर्वांचे मनापासून आभार. सोमवारच्या वर्गात मी फळ्यावर तीन वाक्ये लिहिणार आहे: 'मला पोहता येते', 'मी आज पोहू शकते' आणि 'मला आता पोहवत नाही'. तिन्हींपुढे 'कॅन' चे वाक्य त्या बाईंनाच लिहायला सांगेन, आणि समिधाताईंनी सांगितलेले 'शिकणे' चे मूळही त्यांना सांगेन, कारण वयाच्या साठीत त्या वर्गाला येतात ते याच इच्छेने.