दोन्ही डिस्क एकदम कशा जातील?
मशीन मध्येच बंद पडतं आणि परत चालू केलं की बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्ही गायब, असं तुम्ही लिहिलंय. वर एकदोघांनी विंडोज परत टाकायला सांगितलंय, त्याचा इथे काही उपयोग नाही. बायोसलाच डिस्क दिसत नाही, म्हणजे विंडोजपर्यंत गाडी पोचलेलीच नाही.

दोन डिस्क एकदम सहसा जात नाहीत. दोघींत सामाईक काय आहे ते बघा: बहुतेक पॉवर सप्लायकडून आलेली, डिस्कना वीज देणारी एकच साटा पॉवरची वायर. माझ्याकडे हेच झालं होतं. कॅबिनेटचं झाकण दाबून बसवताना वायर मुडपली आणि कनेक्टर जरासा बाहेर सरकला. हार्ड डिस्क 'टक्' करून थांबायची, मग पुन्हा फिरायला लागायची. मेन स्विच बंद करून दुसऱ्या वायरवरचा कनेक्टर लावून बघा. (मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या काढता येणारा सप्लाय असेल तर दुसऱ्या मॉडेलची वायर चुकूनही लावू नका; पिनांची जुळणी वेगळी निघाली तर डिस्क जळते.)

डिस्क दिसल्या की आधी डेटा उतरवून घ्या, बाकी सगळं नंतर. मग क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये सी७ची ओळ (केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुकांची मोजणी) बघा. तो आकडा वाढत असेल तर साटाची डेटा केबलही बदला. एवढं करूनही क्रॅश थांबले नाहीत तर कोणाचातरी पॉवर सप्लाय दोन दिवस मागून आणा.