दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को नक्की किती किमी, किती तास?

पलासियाकर:
नमस्कार मंडळी, आईबाबा पहिल्यांदाच ताईकडे अमेरिकेला चाललेत, जूनमधे, इंदूरहून दिल्ली आणि तिथून सॅन फ्रान्सिस्को नॉनस्टॉप. तिकिटावर दिल्लीहून निघायची वेळ पहाटे 3.30 आणि पोचायची त्याच तारखेला सकाळी 6.30, म्हणजे तीनच तास?? वर एका साइटवर अंतर 12,400 किमी दिलंय आणि दुसरीकडे 15,000 च्या वर. बाबांना शुगर, आईचे गुडघे दुखतात, म्हणून खरंच किती तास बसायचंय ते पक्कं कळायला हवं.

रामबागची_लेक:
दादा, तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. जूनमधे सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे (हिवाळ्यात साडेतेरा), म्हणजे तिथे सकाळचे 6.30 तेव्हा इंदूरला संध्याकाळचे 7. पहाटे 3.30 ते संध्याकाळी 7 धरा, साडेपंधरा तास झाले. गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून द्या आणि औषधं हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इनच्या सामानात अजिबात नको.

नकाशावेडा:
दोन्ही आकडे बरोबर आहेत. 12,400 म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला तर येणारं सगळ्यात कमी अंतर, तो दोरा तिबेट, सायबेरिया करत पार आर्क्टिकवरून जातो. पण विमान तसं जात नाही. तिबेटवर जमीनच एवढी उंच की केबिनमधली हवा गेली तर पटकन खाली उतरायला जागा नसते, म्हणून तो भाग टाळतात, शिवाय कुठल्या देशाचं आकाश बंद आहे तेही बघावं लागतं. आणि वारा! वर जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा जोरदार वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. 2016 मधे एअर इंडियाने हीच फ्लाइट अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली, अंतर 13,900 चं 15,300 किमी झालं तरी वारा पाठीशी असल्यामुळे साधारण दोन तास वाचले. त्यामुळे किमी बघत बसू नका, तिकिटावर ड्युरेशन लिहिलेलं असतं तेच धरा.

सराफा_रात्री_बारा:
भिया, खरी दगदग दिल्लीत होते. इंदूर-दिल्ली जेमतेम दीड तास, पण ते विमान टी-1 ला (टर्मिनल 1) उतरलं तर टी-3 ला जायला बस किंवा टॅक्सी करावी लागते, सामान घेऊन मोठ्या माणसांना ते झेपत नाही. शक्यतो एकाच पीएनआरवर तिकीट काढा आणि मधे चार-पाच तास ठेवा. व्हीलचेअर आत्ताच मागून ठेवा, काकूंना लाज वाटली तरी मागा, तिथे चालायला खूप असतं. सीट आइलची घ्या म्हणजे दर तासा-दोन तासाने उठून फिरता येईल.

पलासियाकर:
खूप आभार सगळ्यांचे, व्हीलचेअर आजच सांगतो. येताना पण साडेपंधराच तास ना?

नकाशावेडा:
नाही, येताना थोडे जास्त धरा. परतीच्या वेळी बऱ्याचदा रस्ताच वेगळा घेतात, वारा आणि त्या दिवसाची परिस्थिती बघून. तारखेचा हिशोब मात्र उलटा होतो, तिथून सकाळी 10 ला निघून 16 तास लागले तर दिल्लीत दुसऱ्या दिवशी दुपारी 2.30 ला उतरतील, तेव्हा त्यांना आणायला जायची तारीख नीट बघून ठेवा.