'सायबोर्ग' आणि 'मॅन प्लस': यंत्राला कशाला शिव्या घालता?

पानोपानी
'यंत्र शिरलं की माणूस संपतो' असा लेख सध्या फिरतोय. मार्टिन केडिनची 'सायबोर्ग' (१९७२) आणि फ्रेडरिक पोलची 'मॅन प्लस' (१९७६) एकच इशारा देतात म्हणे: अंगात धातू वाढला की माणुसकी आटते. अहो, पुस्तकं वाचलीत की नुसती मलपृष्ठं?

दोन्हीकडे यंत्र बिचारं नेमून दिलेलं काम करतं. 'सायबोर्ग'चा नायक स्टीव्ह ऑस्टिन, त्याचे दोन्ही पाय, डावा हात आणि डावा डोळा विमानाच्या अपघातात गेलेत. नव्या अवयवांचा खर्च उचलतं एक गुप्तहेर खातं, आणि वसुली करतं मोहिमांवर धाडून. 'मॅन प्लस'मधल्या रॉजर टोरावेला तर अपघातही झालेला नाही. मंगळासाठी तयार केलेला आधीचा माणूस मेला, पुढचा नंबर याचा. मग कातडी बदलली, डोळे काढून मोठे लाल डोळे बसवले, पाठीवर वटवाघळासारखे पंख आले. जननेंद्रियंही काढली, आणि त्याबद्दल त्याच्याशी कोणी धड बोललेलंसुद्धा नव्हतं. इथे माणूसपण कोणी मारलं? पंखांनी?

दोन्ही कादंबऱ्यांचा प्रश्न एकच आहे. हे शरीर कोणाच्या नावावर आहे?

तिरकस
झालं, आला सातबारा!

पोलबद्दल मान्य. केडिनच्या तोंडी मात्र तुम्ही तुमचं भाषण कोंबताय. तो विमानांवर लिहिणारा माणूस, यंत्रावर त्याचा जीव. ऑस्टिनच्या बोटात विषारी सुया झाडायची सोय आहे, हे तो किती चवीनं सांगतो बघा. हे शोषणाचं वर्णन वाटतं तुम्हाला? तिथे वैमानिक नवं विमान उडवायला शिकतोय, फक्त विमान म्हणजे तो स्वतः. उगाच प्रत्येक पुस्तकात मालक-मजूर शोधायची खोड लागलीय लोकांना.

पानोपानी
डोळ्याचं काय मग? तुम्ही 'सायबोर्ग'वरून काढलेली 'सिक्स मिलियन डॉलर मॅन' ही टीव्ही मालिका बघून बोलताय. तिथे त्या डोळ्याला दूरचं दिसतं. कादंबरीत त्या डोळ्यानं ऑस्टिनला *काहीच दिसत नाही*. खोबणीत बसवलेला कॅमेरा आहे तो. माणूस त्या बाजूनं आंधळा तो आंधळाच, फोटो मात्र खात्याला मिळतात. शोषण म्हणा नाहीतर नका म्हणू, पण असा डोळा रुग्णासाठी बनवत नाहीत.

केडिनला त्याचं काही वाटत नाही, हे खरं. म्हणून तर ते जास्त अंगावर येतं.

खगोलवेडा
मुळात जा की जरा. १९६० साली क्लाइन्स आणि क्लाइन या शास्त्रज्ञांनी 'सायबोर्ग' (यंत्र जोडलेला माणूस) हा शब्द काढला तो माणसाला मोकळं करायला. अंतराळात पृथ्वीचं वातावरण डब्यात भरून न्यायचं, त्यापेक्षा शरीरच तिथलं करायचं; शरीराचा आतला तोल सांभाळायची कामं यंत्रं परस्पर करतील, माणूस शोध घ्यायला रिकामा. 'मॅन प्लस' त्याच कल्पनेची कथा आहे. मंगळावर बाकीचे सूट घालून वावरतात आणि टोरावे उघड्यानं फिरतो. ती मुक्तीच आहे. तुम्हाला फक्त ऑपरेशन थिएटर दिसतं.

तिरकस
मुक्ती? समोरचं दृश्य टोरावेच्या पाठीवरचा कॉम्प्युटर आधी चाळणार आणि मग ह्याला दिसणार. शिवाय 'आम्ही' म्हणून गोष्ट सांगणारे शेवटी कॉम्प्युटरच निघतात. स्वतःची सोय म्हणून त्यांनीच अंदाजांचे आकडे फिरवून माणसांना मंगळाकडे ढकललेलं असतं. छान मोकळा आहे हो!

निशाचर
अरे काय हे!! मी आत्ता निम्म्यावर आहे. स्पॉइलरची सूचना द्यायची पद्धत असते.

तिरकस
१९७६ चं पुस्तक आहे. किती वर्षं थांबायचं तुमच्यासाठी?

पायपीट
अवांतर वाटेल, पण लिहितोच. माझा उजवा पाय मांडीपासून नाही, कृत्रिम गुडघा वापरतो. तुम्हा सगळ्यांना शस्त्रक्रियेचं फार कौतुक. रोजचं काय ते कोणी लिहीतच नाही. सकाळी सॉकेट (कृत्रिम पायाची वाटी) घट्ट बसतो, संध्याकाळपर्यंत स्टंप (उरलेली मांडी) आक्रसतो आणि आत पाय खुळखुळायला लागतो. मग कुठेतरी आडोशाला बसायचं, सगळं काढायचं, लायनरमधला (मांडीवर चढवायच्या मऊ आवरणातला) घाम पुसायचा, वर आणखी एक मोजा चढवायचा. कातडी सोलली तर पाय घालणं बंद. ऑस्टिनला कधी घाम आलेला आठवतो?

आणि पानोपानी, तुमचा मालकीचा मुद्दा मला पुस्तकातून शिकावा लागला नाही. गुडघ्यात प्रोसेसर आहे. एकदा जिना उतरताना बॅटरी संपत आली, तो पिंपिं करून कडक झाला. सुरक्षेसाठीच तसा बनवलाय, तक्रार नाही. पण त्याची सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर माझ्याकडे नाही, मिळतही नाही. वॉरंटी संपल्यावर कंपनीनं सांगितलं, दुरुस्तीपेक्षा नवा घ्या. पाय माझा, किल्ली त्यांची.

तिरकस
तुमच्याबद्दल आदर आहे, पण वैयक्तिक अनुभव म्हणजे समीक्षा नव्हे. कादंबरीला घामाचा हिशेब मागायचा तर उद्या गुप्तहेरांच्या कथेत प्रवासभत्त्याची बिलं मागाल.

पायपीट
आदर ठेवा तुमच्यापाशी. अनुभव नसलेल्यांनी लिहिलं की साहित्य, आणि अनुभव असलेल्यानं चूक दाखवली की रडगाणं, असं का? बरं, माझं सोडा. आर्गस २ घ्या. दृष्टिपटलावर बसवायचं ६० इलेक्ट्रोडचं यंत्र, अमेरिकेत २०१३ साली मान्यता. पुढे कंपनीनं ते बनवणंच थांबवलं. ज्यांच्या डोळ्यात ते बसलेलं होतं, त्यांना ना सुटे भाग, ना दुरुस्ती. यंत्र डोळ्यात, आणि त्याचं कोणी वाली नाही. ही माणसं कुठल्या कादंबरीत टाकू, सांगा.

खगोलवेडा
हे वाईटच आहे, पण हा बाजाराचा दोष, कल्पनेचा नव्हे. सुटे भाग आणि सॉफ्टवेअर खुलं ठेवायची सक्ती करा, प्रश्न मिटला.

पायपीट
सक्ती करा! कोण करणार? तुमच्या क्लाइन्स-क्लाइनच्या लेखात पहिला सायबोर्ग म्हणून उंदराचा फोटो आहे ना? २२० ग्रॅमचा उंदीर, कातडीखाली ऑस्मॉटिक पंप, म्हणजे शरीरात औषध हळूहळू सोडणारं यंत्र. त्याला मोकळं वाटत होतं का विचारा.

खगोलवेडा
उंदराला संमतीपत्र द्यायला हवं होतं, चुकलंच विज्ञानाचं. 🙏

निशाचर
पायपीट, +१. बाकीच्यांनी जरा सांभाळून बोला की.
(पुस्तक संपवलं. 'आम्ही'चं आधी कळलं नसतं तर मजा आली असती. असो.)

पानोपानी
पायपीट यांनी माझा धागा पळवला, आणि बरंच झालं. देखभाल कोणाच्या हातात, हा मुद्दा मी मांडायला हवा तितका मांडला नव्हता. ऑस्टिननं उद्या खात्याला 'नाही' म्हटलं तर पाय दुरुस्त कोण करणार? केडिन त्या वाटेला फिरकतही नाही. पोल निदान तिथवर येतो. टोरावेला काय दाखवायचं ते पाठीवरचा कॉम्प्युटरच ठरवतो.

तिरकस
मग तुलना करायला पुस्तक चुकीचं निवडलंत. अॅन मॅकॅफ्रीची 'द शिप हू सँग' (१९६९) घ्यायची. हेल्व्हा जन्मतःच अपंग, मेंदू जहाजाला जोडलेला, आणि जोडणीचा खर्च कर्ज म्हणून तिच्याच डोक्यावर. तिथे मालकीला उधारीची वही तरी आहे. केडिनकडे ती तुम्ही कल्पनेनं लिहून काढलीत. कॅमेऱ्याच्या डोळ्याचं तेवढं मानतो. तेवढंच.

पायपीट
हेल्व्हा कर्ज फेडते. फेडल्यावर त्याच लोकांशी नवा करार करते, कारण जहाजातून उतरून ती जाणार कुठे? आता त्याला मुक्ती म्हणा.