मदत हवी आहे: अमेरिकेच्या उच्च शिक्षण कायद्यातील कलम ११७ च्या अहवालात या रकमा दाखवायच्या का? (चर्चामंचावरील संवाद; ‘नोंदवही’, ‘तळटीप’, ‘सावधान’ ही सदस्यांची टोपणनावे)

नोंदवही: मी अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या वित्त विभागात काम करते. परदेशी देणग्या आणि करारांचा हा सहामाही अहवाल ३१ जानेवारीपर्यंत शिक्षण खात्याला सादर करायचा असून चारच दिवस उरले आहेत. एका परदेशी कंपनीकडून संशोधन करारापोटी १,६०,००० आणि देणगी म्हणून १,१०,००० डॉलर आले. दोन्ही रकमा अडीच लाखांच्या आत असल्यामुळे वगळाव्यात, असे वरिष्ठ म्हणतात. मला ते पटत नाही. कृपया लवकर सांगा.

तळटीप: दोन्ही रकमा एकाच कॅलेंडर वर्षातल्या आहेत का? एका स्रोताकडून वर्षभरात आलेल्या देणग्या आणि करार यांची बेरीज २,५०,००० डॉलर किंवा अधिक झाली, तर त्या जाहीर कराव्याच लागतात. तुमची बेरीज २,७०,००० होते.

सावधान: मर्यादा आता ५०,००० आहे. सरसकट सगळे दाखवा.

तळटीप: तो आकडा राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या (संशोधनाला निधी देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या) वेगळ्या नियमातला आहे, आणि तो चीन, रशिया अशा ठरावीक देशांशी निगडित स्रोतांपुरताच आहे. कलम ११७ ची मर्यादा तितकी खाली आणणारे विधेयक मार्च २०२५ मध्ये अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाने मंजूर केले; परंतु एका सभागृहाच्या मंजुरीने कायदा बदलत नाही.

सावधान: तरीही माझे मत तेच आहे. २०२० मध्ये शिक्षण खात्याने पूर्वी न नोंदवलेले साडेसहा अब्ज डॉलर उघडकीस आणले होते, हे विसरू नका.

नोंदवही: वर्ष एकच आहे. मात्र पैसे कंपनीच्या अमेरिकेत नोंदलेल्या उपकंपनीच्या खात्यातून आले.

जुना लेखापाल: मग प्रश्नच मिटला, पैसे देणारी कंपनी अमेरिकन आहे. देणगीची पावती तेवढी वेळेत पाठवा.

तळटीप: प्रश्न मिटलेला नाही, आणि पावतीविषयी कोणी विचारलेले नाही. परदेशी स्रोताच्या वतीने व्यवहार करणारी उपकंपनीही कायद्याच्या व्याख्येनुसार परदेशी स्रोतच ठरते. म्हणून खाते कुठले, यापेक्षा करारावर सही कोणाची आणि देणगी कोणाच्या सांगण्यावरून आली, हे आधी पाहा.

नोंदवही: करारावर मूळ कंपनीची सही आहे. देणगीपत्र उपकंपनीचे आहे, पण त्यात ‘मूळ कंपनीच्या निर्देशानुसार’ असे स्पष्ट लिहिले आहे.

तळटीप: तर दोन्ही रकमा धरा. देणगीला काही अट आहे का? नवे पद, अभ्यासकेंद्र किंवा विद्यार्थ्यांची निवड यांच्याशी ती जोडलेली असेल, तर त्या अटीचे वर्णनही अहवालात द्यावे लागेल.

नोंदवही: ती एका नव्या अध्यासनासाठीच, म्हणजे नव्या प्राध्यापकपदासाठीच दिलेली आहे. हे मी सुरुवातीलाच लिहायला हवे होते. उद्या सकाळी करार आणि देणगीपत्र दोन्ही वरिष्ठांसमोर ठेवते.